राहुकाळात रॉकेट

बंगळुरात राहतो म्हटलं की गावाकडची मंडळी हमखास दोन प्रश्न विचारतात. कन्नड येतं का, आणि रॉकेट घरून दिसतं का? पहिल्याला 'स्वल्प स्वल्प' म्हणून वेळ मारून नेता येते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमच्या आत्यापुढे कुठलंच उत्तर टिकत नाही. इस्रो बंगळुरात, भाचा बंगळुरात, तरी भाच्याला रॉकेट दिसत नाही म्हणजे भाच्यातच काहीतरी खोट आहे, असा तिचा सरळ हिशेब.

"अगं आत्या, इथे नुसतं मुख्यालय आहे त्यांचं. न्यू बीईएल रोडवर."

"मग उडवतात कुठून?"

"श्रीहरिकोट्याहून. आंध्रात. इथून साडेतीनशेएक किलोमीटर."

"ऑफिस एकीकडे आणि काम दुसरीकडे? मग ते लोक रोज जातात कसे?"

आता तिला काय सांगायचं? बंगळुरात उपग्रह जुळवतात, तेही जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर. तो वर गेला की त्याच्यावर नजर ठेवतात पीण्यातून. मंगळाकडे निघालेलं यान या घटकेला नेमकं कुठे आहे ते पीण्यात बसून सांगता येतं. पीण्यातून मराठहळ्ळीला निघालेला माणूस कुठे आहे ते मात्र त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि आत्याच्या प्रश्नांना आणखी धार चढली. आमच्या मित्रमंडळानं तेव्हाच ठरवलं की एकदा प्रत्यक्ष उड्डाण बघायचं, भरपूर फोटो काढायचे आणि हा विषय आपापल्या नातेवाइकांपुरता कायमचा मिटवायचा. विज्ञानाची ओढ वगैरे नंतर.

संधी ऑक्टोबरात आली. गगनयानाची पहिली मोठी चाचणी, नाव टीव्ही-डी-वन, शनिवार २१ ऑक्टोबर, सकाळी आठ. श्रीहरिकोट्याला २०१९ पासून सामान्य माणसांसाठी प्रेक्षागॅलरी आहे. आधी नाव नोंदवायचं, ओळखपत्र दाखवायचं, पायऱ्यांवर बसून बघायचं. नोंदणी १७ तारखेला संध्याकाळी सहाला उघडणार होती, आणि संध्याकाळी सहाला बंगळुरातला प्रत्येक इसम कुठल्या ना कुठल्या कॉलवर असतो. त्या दिवशी सहाच्या ठोक्याला आम्ही सगळेच आपापल्या साहेबांना "हॅलो, नेटवर्क जातंय, नेटवर्क..." म्हणत अंतर्धान पावलो. अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांना त्या संध्याकाळी भारतातल्या इंटरनेटची दशा कळली. जागा मात्र मिळाल्या.

मंडळाची ओळख करून द्यायला हवी. एक्सेलशेट हे आमचे नियोजनमंत्री. ते दुधाचा हिशेबसुद्धा रंगीत रकान्यांत ठेवतात. लेन्सवाले हे आमचे कलावंत. आठवड्याच्या भाड्यानं त्यांनी हातभर लांबीची एक लेन्स आणली होती. ती गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली आणि मला मधल्या उंचवट्यावर. तिसरे विक्रोळीकर. विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनतात, आणि या चाचणीच्या रॉकेटाला एकच विकास इंजिन होतं. एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळी मोहीम स्वतःच्या नावावर करून घेतली होती. "माल आपला आहे" हे वाक्य ते होसकोटे ते चित्तूर म्हणत होते.

आणि काकू. काकू म्हणजे लेन्सवाल्यांच्या आई, नवरात्रासाठी सांगलीहून आलेल्या. त्यांना एकटं घरी कसं ठेवायचं म्हणून बरोबर घेतल्या. नऊ दिवसांचे उपास, त्यामुळे गाडीत राजगिऱ्याचे लाडू, भगरीचं पीठ, ताकाची बाटली आणि साबुदाण्याच्या खिचडीचा जर्मनचा डबा. हा डबा लक्षात ठेवा, पुढे तो ध्वनिमुद्रित झालेला आहे.

मोहीम काय आहे ते विक्रोळीकरांनी काकूंना समजावलं. पुढे कधीतरी माणसं वर जाणार. जाताना रॉकेटात बिघाड झाला तर माणसं बसलेली कुपी झटक्यात ओढून बाजूला न्यायची, पॅराशूट उघडायचे आणि अलगद समुद्रात उतरवायची. ते जमतं का हे बघायला रिकामी कुपी पाठवायची. बाराएक किलोमीटरवर रॉकेट तिला सोडणार, सुटकेची यंत्रणा तिला सतराएक किलोमीटरपर्यंत नेणार, तिथून ती खाली. किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर समुद्रात पडणार, नौदल जाऊन काढणार. सगळं मिळून नऊ मिनिटं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पाडायलाच वर नेणार."

"काकू, पाडायला नाही, वाचवायला."

"पडलं तर यशस्वी?"

"नीट पडलं तर."

"बरं," काकू म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सरकारी योजना ऐकताना येतं तसं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी निघालो. सोमवारी आयुधपूजा, मंगळवारी दसरा. सलग चार दिवसांची सुट्टी दिसल्यावर बंगळूर शहर घरी थांबत नाही. के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाखाली टिन फॅक्टरीजवळ आम्ही जे थांबलो ते थांबलोच. एक्सेलशेटांच्या तक्त्यात त्या टप्प्याला बारा मिनिटं होती. कुपी वर जाऊन समुद्रात पडेपर्यंतच्या नऊ मिनिटांत आमची गाडी एका बसच्या मागच्या चाकापासून तिच्या पुढच्या चाकापर्यंत गेली. तिरुपतीला ब्रह्मोत्सव चालू होता, म्हणजे कोलारपासून पुढे सगळे भाविक आणि आम्ही एकाच दिशेला. मुळबागलला चहा, पलमनेरला चहा, रेणिगुंट्याला कुठला चहा ते आठवत नाही, कारण तो विक्रोळीकरांनी झोपेत पाजला. सुळ्ळूरपेटेला पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि लॉजवाल्यांनी गादी नाही, जमीनही नाही असं सांगितलं. एकानं मात्र तोंड धुवायला नळ दिला.

सुळ्ळूरपेटेहून श्रीहरिकोट्याचा रस्ता पुलिकतच्या सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये डांबर. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येतात हे लेन्सवाल्यांनी वाचलेलं. त्यांनी गाडी थांबवली, तिपाई रोवली आणि पंधरा मिनिटं रोहितांवर खर्च केली.

"बगळे आहेत रे ते," काकू खिडकीतून म्हणाल्या.

"आई, लांबून तसे दिसतात."

"सांगलीत घाटावर बसतात तेच."

कॅमेऱ्यात मोठं करून बघितल्यावर ते सांगलीचेच निघाले. पण काढलेला फोटो पुसायचा नाही ही कलावंताची निष्ठा, आणि ती अंगाशी येणार होती.

गॅलरीत पोचलो तर शाळेच्या सहलीच सहली. टोप्या, झेंडे, एकमेकांच्या पाठीवर ठेवून भरलेल्या वह्या. आवारात रॉकेटांच्या भल्या मोठ्या प्रतिकृती उभ्या आहेत. त्यांच्यापुढे आमचे बरेच फोटो झाले. समोर झाडांच्या रांगेपलीकडे, काही किलोमीटरवर, खरं रॉकेट. ते बघून विक्रोळीकर जरा हिरमुसले. चांद्रयान घेऊन गेलेलं रॉकेट ६४० टनांचं होतं. हे ४४ टनांचं, पस्तीस मीटर उंच आणि डोक्यावर कुपीचं टोपण. "छोटं आहे, पण इंजिन बघा," ते म्हणाले. इंजिन अर्थातच दिसत नव्हतं.

ढगाळ हवेमुळे आठचे पावणेनऊ झाले. एक्सेलशेटांनी रकाने सरकवले. पावणेनऊ जवळ आले तशी सगळी गॅलरी उभी राहिली आणि एकाच वेळी हजारो हात वर गेले. बघावं तिकडे मोबाइल. माझ्याकडे व्हिडिओचं खातं होतं, कारण लेन्सवाल्यांच्या मते माझं फोटोग्राफीचं ज्ञान फक्त व्हिडिओला पुरेल इतकंच आहे. लाउडस्पीकरवर उलटी मोजणी सुरू झाली. शेवटच्या टप्प्यात सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हातात असतो. माणसानं फक्त आकडे ऐकायचे. दहा, नऊ, आठ. लेन्सवाल्यांनी बटण दाबून धरलं, कॅमेरा मशीनगनसारखा कडकडायला लागला. सात, सहा, पाच.

आणि पाचवर सगळं थांबलं.

कॉम्प्युटरनं उड्डाण रोखलं होतं. शाळेच्या पोरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी चार, तीन, दोन, एक, शून्य स्वतःच पूर्ण केलं, दणकून टाळ्या वाजवल्या आणि रॉकेटाकडे बघत राहिली. रॉकेट त्यांच्याकडे बघत राहिलं. लेन्सवाल्यांचं बोट मात्र बटणावरून हटेना. न उडणाऱ्या रॉकेटाचे इतके स्वच्छ, इतके रेखीव आणि इतके एकसारखे फोटो जगात दुसऱ्या कुणाकडे नसतील.

मग इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांचा आवाज आला. इंजिन ठरल्याप्रमाणे पेटलं नाही, रॉकेट सुखरूप आहे, काय झालं ते बघून सांगतो, अशा अर्थाचं ते बोलले. 'इंजिन' हा शब्द ऐकताच आम्ही सगळ्यांनी मान वळवून विक्रोळीकरांकडे बघितलं. शेजारच्या ओळीतल्या ज्या अनोळखी लोकांना त्यांनी सकाळपासून 'माल आपला आहे' ऐकवलं होतं, त्यांनीही बघितलं. विक्रोळीकर काही न बोलता खाली बसले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या पायात चपला होत्या.

यापुढे गॅलरीत जे घडलं ते खरं तर मुद्रित व्हायला हवं होतं. बंगळुरातून आलेल्या निम्म्या गर्दीचा धंदा सॉफ्टवेअरचा. कॉम्प्युटरनं थांबवलं म्हटल्यावर प्रत्येकाच्या अंगात आलं.

"एकदा बंद करून चालू करायला सांगा."

"शनिवारी कोणी रिलीज करतं का? आमच्याकडे शुक्रवारी दुपारनंतर हात लावत नाहीत."

"माझ्या अनुभवानं सांगतो, सर्टिफिकेट एक्स्पायर झालेलं असणार."

एका गृहस्थांनी तर हे काम आपल्याला दिलं असतं तर तीन महिने आणि आठ माणसांत करून दिलं असतं, असा तोंडी अंदाजही सांगितला. त्यांच्या कंपनीला हजेरीचं सॉफ्टवेअर दोन वर्षं जमलेलं नाही हे त्यांची मिसेस आमच्या काकूंना नंतर म्हणाली.

काकूंचं निदान सर्वांत वेगळं होतं. त्यांनी चष्मा लावला, मोबाइलमधलं पंचांग उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "आज शनिवार. नऊ ते साडेदहा राहुकाळ. पावणेनऊला उडालं असतं तर निभावलं असतं. आता साडेदहापर्यंत काही होत नाही."

"काकू, ते असं काही बघत नाहीत."

"बघत नाहीत? उड्डाणाच्या आधी देवदर्शनाला कोण जातं मग?"

इथे माझी बोलती बंद झाली. सुळ्ळूरपेटेच्या चेंगाळम्माच्या देवळात इस्रोची बडी मंडळी मोहिमेआधी जातात, हे पेपरात फोटोसकट येतं. तेव्हा साडेदहापर्यंत निवांत, असं काकूंनी घोषित केलं आणि त्या खाली चहाच्या रांगेत गेल्या. विज्ञानावर नितांत श्रद्धा असलेले एक्सेलशेटही मुकाट त्यांच्या मागे गेले. पुष्कळ लोक तर पिशव्या आवरून थेट बसकडे निघाले होते.

लेन्सवाले आणखी मोठ्या पेचात होते. कार्ड भरलं होतं. काय पुसायचं? बगळे पुसायला मन होईना. उभं रॉकेट पुसायचं तर आता ते ऐतिहासिक झालेलं. ते एकेक फोटो मोठा करून, मान तिरपी करून, मग पुसत होते.

तेवढ्यात घोषणा झाली. दोष सापडला, दुरुस्त झाला, उड्डाण दहा वाजता. बिघाड देखरेखीच्या यंत्रणेतल्या गफलतीचा होता, असं मागाहून कळलं. आमच्या कंपनीत एवढ्या वेळात फक्त 'कुणाकुणाला मीटिंगला बोलवायचं' याची यादी झाली असती. इथे पावणेनऊला थांबलेलं रॉकेट दहाला पुन्हा तयार. विक्रोळीकर नाडी सोडून उभे राहिले आणि मागच्या ओळीला म्हणाले, "बघा, मी म्हणतच होतो."

राहुकाळ ऐन भरात असताना, बरोबर दहाला, ते उडालं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती टीव्हीवर कळत नाही. उजेड आधी येतो आणि आवाज मागून. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच चालतो, म्हणजे काही किलोमीटरवरच्या गॅलरीपर्यंत यायला त्याला दहा-पंधरा सेकंद लागतात. तोवर समोर ज्वाळा दिसते, रॉकेट झाडांवरून वर निघतं आणि ऐकू काही येत नाही. घन इंधनाच्या मोठ्या बूस्टरांचा तो पांढरा लोट या चिमुकल्याला नव्हताच, त्यामुळे एक बारीक, लख्ख जिभली वर सरकताना दिसली. ते दहा-पंधरा सेकंद माझ्या मोबाइलनं इमानानं टिपले. आजही त्या व्हिडिओत भारताची मानवी अंतराळमोहीम निःशब्द वर जाताना दिसते, आणि पार्श्वभूमीला स्पष्ट आवाजात संवाद चालू आहेत:

"अरे सरक ना, टोपी!"

"आई कुठाय?"

"खिचडीच्या डब्यावर पाय नको देऊस रे, डबा, डबा!"

"पुसला का? बगळा पुसला का?"

यानंतर एक मोठा ठणत्कार येतो. तो जर्मनच्या डब्याचा. आणि मग कुठे तो खरा गडगडाट पोचला, पायऱ्यांतून, छातीतून, दातांतून. तो आला तेव्हा मी दचकलो, त्यामुळे ज्या क्षणी आवाज सुरू होतो त्या क्षणी चित्रात पुढच्या ओळीतल्या काकांचं टक्कल आहे. रॉकेटाच्या आवाजात ते टक्कल सुमारे वीस सेकंद थरथरताना दिसतं. मग ढग.

लेन्सवाल्यांनी शेवटी एकच फोटो मिळवला. राखाडी आभाळात एक पांढरा ओरखडा. विक्रोळीकर म्हणाले, झक्कास. एक्सेलशेट चहाचे पाच कप घेऊन परत आले ते वर बघतच. वर काही नव्हतं. मागून काकू आल्या. "आवाज आला तेव्हा वाटलं जनरेटर सुरू झाला," त्या म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांकडे अशा बघायला लागल्या की राहुकाळात उडवणारे आम्हीच.

बाहेर पडता पडता आत्याचा फोन.

"अरे रे, टीव्हीवर बघितलं. समुद्रात पडलं म्हणे."

"आत्या, पाडायचंच होतं. यशस्वी झालं."

"असू दे, असू दे. प्रयत्न करणं आपल्या हातात. तुला दिसलं का पण?"

"हो! व्हिडिओ पाठवतो."

पाठवला. तासाभरानं तिचं उत्तर आलं: 'छान. टक्कल कोणाचं?' लेन्सवाल्यांनी तोवर घरच्या ग्रुपवर आवारातल्या प्रतिकृतीपुढचा फोटो टाकून शंभरएक अंगठे कमावले होते. इतक्या जवळून कसं काढलंत, असं सगळे विचारत होते आणि ते लेन्सचं नाव सांगत होते.

परतीच्या वाटेवर श्रीकाळहस्ती लागतं. राहु-केतूच्या पूजेसाठी अख्ख्या दक्षिणेत प्रसिद्ध. काकू म्हणाल्या, गाडी थांबवा. कुणाच्या पत्रिकेत काय आहे याची आम्ही चौकशी केली, तर त्यांना पूजा स्वतःसाठी नको होती.

"राहुकाळात निघालंय ते. आज रिकामं होतं म्हणून ठीक. उद्या त्यात कुणाची तरी पोरं बसणार आहेत."

यावर बंगळुरातले चार इंजिनियर मिळून एक उत्तर देऊ शकले नाहीत. मोबाइल, कॅमेरा, लेन्स सगळं बाहेर जमा करून आम्ही आत गेलो. दालनात रांगेनं माणसं बसली होती. पुढ्यात तो विधी, गुरुजी सांगतील तसं फूल, हळद, कुंकू. प्रत्येकानं ज्याच्यासाठी पूजा त्याचं नाव, गोत्र, नक्षत्र मनात आणायचं होतं. काकूंना मनात काही आणता येत नाही, त्या मोठ्यानं म्हणतात.

"नाव टीव्ही-डी-वन. जन्म आज सकाळी दहा, श्रीहरिकोटा. नक्षत्र पूर्वाषाढा. गोत्र..." त्या अडल्या.

"विक्रोळी," मागून आवाज आला.

"गप्प बस. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. काश्यप."

शेजारी सोलापूरच्या एक बाई बसल्या होत्या. मराठी कानावर पडल्यावर त्या जवळ सरकल्या. "मुलासाठी करताय का हो?"

"मुलासारखंच," काकू म्हणाल्या. "सकाळी वर गेला. धड दहा मिनिटंसुद्धा टिकला नाही. समुद्रात पडलाय."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि मग तोच हात काकूंच्या पाठीवर ठेवला. "सुटेल हो. राहू सुटला की सगळं सुटतं. शोधायला गेलंय का कुणी?"

"नौदल गेलंय," काकू म्हणाल्या, आणि हळदीची पुडी सोडायला लागल्या.